विश्लेषण : जुन्या गाडीला डिस्क ब्रेक लावताय? १९०२ मध्ये त्याचे पेटंट घेणारे लँचेस्टर कुठे अडले?

पावसाळ्यात कुरखेड्याहून कोरचीकडे किंवा आतल्या एखाद्या गावाकडे जुनी जीप घेऊन निघालेल्या चालकाला एक सवय लावून घ्यावी लागते. रपट्यावरून वाहणारे पाणी ओलांडले की लगेच वेग घ्यायचा नाही. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची आणि ब्रेकच्या पेडलवर हलका पाय देत थोडे अंतर जायचे. चाकाच्या ड्रममध्ये शिरलेले पाणी घर्षणाच्या उष्णतेने सुकावे, यासाठी ही खबरदारी. ती घेतली नाही आणि पुढच्याच वळणावर गुरे आडवी आली, तर पेडल पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही, नाहीतर एका बाजूला ओढली जाते.

जुनी जीप, ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी जपणाऱ्यांच्या डोक्यात म्हणूनच एक विचार हमखास येतो. ड्रम काढून डिस्क ब्रेक लावावेत का? दुसऱ्या गाडीचे भाग जुळवून देणारे मिस्त्री आहेत, तयार किटही मिळतात. पण डिस्क लावली म्हणजे ब्रेक सुधारला, असे होत नाही. हा धडा सर्वात आधी ज्या माणसाला मिळाला, त्याचेच या ब्रेकवर पहिले महत्त्वाचे पेटंट होते. त्यांचे नाव फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर. मोटार, विमान आणि युद्धशास्त्र अशा तीन क्षेत्रांत ज्यांचे नाव आजही घेतले जाते, त्या या ब्रिटिश अभियंत्याचे आयुष्य जुन्या गाडीच्या मालकाने एकदा वाचावे असे आहे.

ड्रम आणि डिस्कमध्ये फरक काय?

ड्रम ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणारा लोखंडी डबा असतो. आत अर्धगोलाकार दोन शू असतात, त्यांवर लायनर बसवलेले असते. पेडल दाबले की शू बाहेरच्या दिशेने फाकतात आणि डब्याच्या आतल्या भिंतीला घासतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत एक उघडी चकती फिरते आणि कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटा काढावा तसे आवळतात. सायकलची रिम दोन रबरांनी पकडणारा ब्रेक आठवला, तर तत्त्व लगेच कळेल.

ड्रम बंद असल्याने आत गेलेले पाणी आणि निर्माण झालेली उष्णता दोन्ही अडकून राहतात. तापलेला ड्रम फुगतो आणि शूपासून दूर जातो. त्यामुळे घाट उतरताना पेडल हळूहळू खाली जाऊ लागते. चकतीचे उलटे आहे. ती तापून जाड झाली तरी पॅडच्याच दिशेने सरकते, वारा लागल्याने लवकर थंड होते आणि पाणी फिरता फिरताच झटकून टाकते.

ड्रमच्या बाजूने मात्र एक मोठी गोष्ट आहे, जी डिस्कच्या उत्साहात विसरली जाते. पुढच्या शूला चाकाची फिरकीच आत ओढून घेते. म्हणजे चालकाने लावलेला जोर ड्रम स्वतःच वाढवतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

कोण होते लँचेस्टर?

२३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमधील लुईशम येथे त्यांचा जन्म झाला. वडील वास्तुविशारद होते. फ्रेडरिक साउदॅम्प्टनच्या हार्टली इन्स्टिट्यूशनमध्ये आणि नंतर लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले, पण पदवी न घेताच बाहेर पडले. १८८९ मध्ये बर्मिंगहॅमच्या सॉल्टली भागातील फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत त्यांना आठवड्याला एक पौंड पगाराची नोकरी मिळाली. नोकरीत असताना लावलेले शोध कंपनीच्या मालकीचे राहतील, असे कलम करारात होते. विशीतल्या लँचेस्टर यांनी ते कलम खोडले आणि मग सही केली. असे धाडस करणारे आजही थोडेच असतील. गॅस इंजिनचा वेग काबूत ठेवणारा गव्हर्नर आणि इंजिन सुरू करण्याची युक्ती यांची पेटंट त्यामुळे त्यांच्याच नावावर राहिली.

१८९५-९६ मध्ये त्यांनी पहिली मोटारगाडी बांधली. त्या काळी बहुतेक जण घोडागाडीला इंजिन बसवत होते. लँचेस्टर यांनी इंजिन, गिअर, स्प्रिंग, चौकट हे सगळे एकमेकांचा विचार करून कोऱ्या कागदावर आखले. १८९६ च्या सुरुवातीला ही गाडी रस्त्यावर आली, तेव्हा ब्रिटनमध्ये यंत्रावर चालणाऱ्या वाहनाला गावाबाहेर ताशी ४ मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर, एवढीच वेगमर्यादा होती. बैलगाडीपेक्षा किंचित जास्त. ती मर्यादा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उठली आणि मग गाड्या खऱ्या अर्थाने धावू लागल्या. थांबण्याचा प्रश्नही तेव्हाच गंभीर झाला.

डिसेंबर १८९९ मध्ये लँचेस्टर इंजिन कंपनी स्थापन झाली. भाऊ जॉर्ज अभियांत्रिकीत आणि फ्रँक विक्रीत साथीला होते. थरथर कमी करण्यासाठी या गाडीच्या इंजिनात एकमेकांच्या विरुद्ध फिरणारे दोन क्रँकशाफ्ट होते. सुटे भाग गेजने मोजून असे बनवले जात, की एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीत बसावा. भाग कानशीने घासून बसवण्याच्या त्या जमान्यात ही मोठी झेप होती. आज कुरखेड्यातला मिस्त्री फोन करून व्हील सिलिंडर मागवतो आणि तो न घासता बसतो, त्यामागे हाच विचार आहे.

१९०२ : एकाच वर्षी दोन ब्रेक

ब्रेकच्या इतिहासात १९०२ हे साल दोनदा येते. फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेकचे पेटंट घेतले, आणि बर्मिंगहॅममध्ये लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे. चाकासोबत फिरणारी धातूची पातळ चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी पकडणारे जबडे, ही रचना आजच्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाकडे पाहिले तरी ओळखू येईल.

हा ब्रेक लँचेस्टरच्या गाड्यांवर बसला आणि चाललाही. अडचण कल्पनेत नव्हती. चकतीवर घासणारा भाग कशाचा करायचा, हा प्रश्न होता. उष्णता सहन करणारे योग्य लायनर तेव्हा उपलब्धच नव्हते, म्हणून लँचेस्टर यांनी तांबे वापरले. धातूवर धातू घासल्याने कर्कश आवाज होई. त्यातच रस्ते कच्चे, धुळीचे. चकती उघडी असल्याने धूळ आणि कणी थेट पॅडपर्यंत पोहोचत, आणि तांबे झपाट्याने झिजे. रेनो यांच्या ड्रमला बंद डब्याचा फायदा मिळाला. धूळ आत कमी जाई आणि वर सांगितल्याप्रमाणे चालकाचा जोरही कमी लागे. पुढची पन्नास वर्षे जगभरातल्या गाड्यांनी ड्रमच स्वीकारला.

म्हणजे जो उघडेपणा आज डिस्कचा गुण मानला जातो, तोच १९०२ च्या रस्त्यांवर तिचा दोष ठरला. गडचिरोलीच्या कच्च्या रस्त्यांवर उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. चिखल आणि मुरमाची कणी पॅडमध्ये अडकली, तर डिस्कवर गोल चरे पडतात. आजचे पॅड तांब्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत, पण धूळ तीच आहे.

किपलिंग आणि संस्थानिक

लँचेस्टर गाडीच्या सुरुवातीच्या ग्राहकांत मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग होते. ज्यांच्या जंगल बुकमधले सिवनीचे जंगल पूर्व विदर्भाला लागूनच आहे, तेच हे किपलिंग. त्यांच्या गाडीने त्यांना आनंद दिला तसा रस्त्यात बंद पडून मनस्तापही दिला, आणि दोन्ही त्यांच्या त्या काळच्या लेखनात उतरले. नव्या तंत्राच्या पहिल्या ग्राहकांना तो त्रास चुकत नाही.

पुढे भारतीय संस्थानिकांनाही या गाड्यांचे वेड लागले. क्रिकेटपटू रणजितसिंहजी, म्हणजे नवानगरचे जामसाहेब, लँचेस्टरचे चाहते होते. अलवरच्या महाराजांनी तर १९२० च्या दशकात राजेशाही बग्गीच्या आकाराची लँचेस्टर बनवून घेतली.

गाडी नावाजली, तरी पैसा आला नाही. भांडवल अपुरे होते, संचालक मंडळाशी मतभेद होते. १९०४ मध्ये कंपनी डबघाईला आली, नव्या नावाने पुन्हा उभी राहिली, पण फ्रेडरिक यांचा तिच्यावरचा ताबा सैल होत गेला. काही वर्षांत ते डेमलर कंपनीचे सल्लागार झाले आणि मूळ कंपनीची गाडी मुख्यतः धाकटे भाऊ जॉर्ज सांभाळू लागले. ब्रेकचा प्रश्न अर्धवट राहिला, तो या धावपळीत मागे पडला.

त्यांचे डोके मात्र थांबले नाही. विमानाचा पंख हवेत कसा उचलला जातो, याचे विवेचन त्यांनी राइट बंधूंच्या उड्डाणाच्या कितीतरी आधी, १८९० च्या दशकात मांडले होते. १८९७ मध्ये त्यावरचा निबंध लंडनच्या फिजिकल सोसायटीने नाकारला. १९०७ आणि १९०८ मध्ये त्यांनी ग्रंथांच्या दोन खंडांत तो विचार छापला. जर्मनीचे लुडविग प्रांट्ल यांनी स्वतंत्रपणे गणिती रूप दिलेला हा सिद्धान्त आज दोघांच्या नावाने ओळखला जातो. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यसंख्या आणि विजय यांचे गणित मांडले. बंदुकांच्या लढाईत सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे सांगणारा तो नियम लष्करी अभ्यासक्रमांत अजून शिकवला जातो. क्रँकशाफ्टची पिळवटणारी थरथर शोषणारा डॅम्पर आणि चार सिलिंडर इंजिनातले बॅलन्सर शाफ्ट, यांची मुळेही त्यांच्या पेटंटमध्ये सापडतात.

डिस्क परत कशी आली?

घासणाऱ्या भागाचे कोडे सोडवले ते दुसऱ्याच माणसाने. डर्बीशायरमधल्या हर्बर्ट फ्रूड यांनी घोडागाड्यांच्या ब्रेकचे ठोकळे सुधारता सुधारता ॲस्बेस्टॉसचे लायनर बनवले. त्यांच्या आडनावाची अक्षरे फिरवून आणि पत्नीच्या नावातले एक अक्षर घेऊन फेरोडो हे नाव तयार झाले, जे आजही ब्रेकच्या खोक्यांवर दिसते. ॲस्बेस्टॉसने ब्रेक वाचवले, पण त्याची धूळ फुप्फुसात जाऊन माणसे दगावली. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी घातली. जुन्या गाडीचा ड्रम उघडताना आतली पूड हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, ते याच कारणासाठी. गॅरेजमध्ये हे सांगूनही ऐकले जात नाही, म्हणून इथे पुन्हा सांगितलेले बरे.

दुसऱ्या महायुद्धात विमाने जड आणि वेगवान झाली आणि त्यांना थांबवण्यासाठी डिस्क पुन्हा टेबलावर आली. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मॉं येथील २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप गाडीने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून विजय मिळवला. प्रतिस्पर्धी वळणाआधी बरेच लवकर ब्रेक दाबत, जॅग्वार मात्र उशिरापर्यंत वेगात राही आणि तासन् तास तसेच करू शके. १९५५ मध्ये सित्रोएनने डीएस या मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाडीला पुढच्या चाकांत डिस्क दिली. आता लायनर होते, तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा होती आणि डांबरी रस्तेही होते. १९०२ मध्ये यातले काहीच नव्हते.

मग जुन्या गाडीला डिस्क लावायची तर काय पाहावे?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून निघालेली पद्मिनी घ्या. चारही चाकांत ड्रम. जुन्या जीपचेही तेच. तिला पुढे डिस्क लावताना मिस्त्री बहुधा हब, चकती आणि कॅलिपर एवढ्यांचाच विचार करतो. लँचेस्टर यांची चकती बरोबर होती, सोबतचे भाग तयार नव्हते. तीच चूक इथे होते.

सर्वात आधी मास्टर सिलिंडर. कॅलिपरचे पिस्टन ड्रमच्या व्हील सिलिंडरपेक्षा बरेच मोठे असतात, त्यांना जास्त ब्रेक ऑइल लागते. जुना छोटा मास्टर सिलिंडर तेवढे तेल ढकलू शकला नाही, तर पेडल जमिनीला टेकते. आकाराने मोठा सिलिंडर लावला, तर पेडल दगडासारखे जड होते, कारण डिस्कला ड्रमसारखी फिरकीची मदत नाही. त्यावर उपाय म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर. तो बसवायला बॉनेटखाली जागा आहे का, हे काम सुरू करण्याआधी पाहावे, नंतर नाही.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ड्रमच्या अनेक जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पाय उचलल्यावरही नळीत थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला तो हवाच असतो, डिस्कला तो मारक. तो तसाच राहिला तर पॅड चकतीला सतत घासत राहतात, चाक तापते आणि तेल उकळण्याची वेळ येते. गाडी चालवून आल्यावर एकच चाक हात लावता येणार नाही इतके गरम लागले, तर आधी याच्यावर संशय घ्यावा.

तिसरा मुद्दा पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या तोलाचा. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात. ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गोल फिरते. पुढे डिस्क, मागे जुना ड्रम अशी जोडी चालते, पण मागचा दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो. पूर्ण काम झाल्यावर रिकाम्या मैदानात, आधी कमी वेगात आणि मग ओल्या जमिनीवर, चाचणी घेतल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नये. याशिवाय कॅलिपर जुन्या रिमच्या आत मावतो का, तेही आधी तपासावे लागते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर होजपाइप टायरला घासत नाही ना, हेही.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. बहुतेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून एकच तेलमार्ग जातो. एका चाकाची नळी फुटली की चारही ब्रेक जातात. दोन स्वतंत्र कप्प्यांचा, म्हणजे टँडम, मास्टर सिलिंडर बसवून नळ्या वेगळ्या केल्या, तर निदान दोन चाकांचे ब्रेक शिल्लक राहतात. पैसे मोजकेच असतील तर डिस्कआधी हे काम करावे. नवे लायनर, नवे होजपाइप, ताजे ब्रेक ऑइल आणि टँडम सिलिंडर एवढ्यावरच पद्मिनी किंवा जीप बरीच भरवशाची होते. रपट्यावरच्या पाण्याचा प्रश्न मात्र ड्रम असेपर्यंत राहील, तिथे हलक्या पायाची जुनी सवयच कामाची.

आरटीओ काय म्हणते?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. त्यामुळे एमएच-३३ ची जुनी गाडी असेल तर काम हाती घेण्याआधी गडचिरोलीच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. गाडी ५० वर्षांहून जुनी असून व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर जास्त सावध राहावे लागते. २०२१ च्या नियमांनुसार अशी गाडी मूळ रूपात असावी लागते आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. तिला व्हीए अक्षरांची वेगळी मालिका मिळते, पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. काढलेले ड्रम आणि शू म्हणूनच भंगारात देऊ नयेत, गुंडाळून ठेवावेत.

लँचेस्टर यांना पेटंटचा पैसा मिळाला का?

नाही. त्या काळी ब्रिटिश पेटंटची मुदत १४ वर्षांची होती. १९०२ चे पेटंट पहिल्या महायुद्धाच्या मध्यावरच संपले, तेव्हा डिस्क ब्रेक कुणालाच नको होते. ज्यांनी पुढे ते विकले, त्यांना लँचेस्टर यांना काही देणे लागत नव्हते.

१९१९ मध्ये त्यांनी डोरोथिया कूपर यांच्याशी विवाह केला, अपत्य झाले नाही. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १९२५ मध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढून ते ध्वनिवर्धक बनवू लागले. डेमलरचे सल्लागारपद १९३० च्या सुमारास सुटले, मूळ लँचेस्टर कंपनी १९३१ मध्ये बीएसए गटाने घेतली, प्रयोगशाळाही पुढे बंद करावी लागली. कंपवाताने हात थरथरू लागले, दृष्टी अधू झाली. आयुष्यभर इंजिनाची थरथर मोजणाऱ्या माणसाला हे दुखणे यावे, याची नोंद चरित्रकार घेतल्याशिवाय राहत नाहीत. सन्मान येत राहिले. १९३१ मध्ये गुगेनहाइम पदक आणि १९४५ मध्ये यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचे जेम्स वॉट पदक मिळाले. घरखर्चाची चणचण मात्र शेवटपर्यंत राहिली आणि अखेरच्या काळात मोटार उद्योगाच्या मदतनिधीचा आधार घ्यावा लागला.

८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅममधील मोझली येथील डायट एंड या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. ल मॉंच्या त्या शर्यतीला तेव्हा सात वर्षे अवकाश होता.